नियोजित फाइल हस्तांतरणातील अपयशाचे इशारे

नियोजित फाइल हस्तांतरणातील अपयशाचे इशारे म्हणजे ठरलेल्या वेळी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर आपोआप जाणारी फाइल पोहोचली नाही, अपुरी पोहोचली किंवा उशिरा पोहोचली, तर संबंधित कर्मचाऱ्यांना त्याची वेळेवर माहिती देणारी व्यवस्था होय. ही व्यवस्था सामान्यतः नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस यांसारख्या देखरेख सॉफ्टवेअरमध्ये उभारली जाते. बँकांचे दिवसअखेरचे व्यवहार, पगारपत्रके, दुकानांच्या विक्रीचे हिशेब, डेटाबेसचे बॅकअप अशा अनेक फाइली रात्री, संगणकासमोर कोणी नसताना पाठवल्या जातात. अशा वेळी घडलेले अपयश पाहणारे कोणी नसते. त्या फाइलवर अवलंबून असलेले पुढचे काम अडेपर्यंत, किंवा बॅकअपची खरोखर गरज पडेपर्यंत, ते उघडकीस येत नाही. इशाऱ्याचा हेतू हा मधला काळ कमी करणे हा असतो.

पार्श्वभूमी

संगणकांमध्ये फाइलींची देवाणघेवाण करण्यासाठीच्या फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा (एफटीपी) पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ या दस्तऐवजात मांडला. आयआयटी कानपूरचे पदवीधर असलेले भूषण त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होते. या प्रोटोकॉलचे पुढे रूढ झालेले स्वरूप १९८५ साली आरएफसी ९५९ मध्ये नोंदवले गेले. एफटीपीचा सर्व्हर प्रत्येक आज्ञेला तीन अंकी उत्तर देतो. हस्तांतरण पूर्ण झाल्यास २२६, मध्येच जोडणी तुटल्यास ४२६, लॉगिन न झाल्यास ५३० आणि फाइल उपलब्ध नसल्यास ५५० असे हे संकेतांक आहेत. यश आणि अपयश यांची यंत्राला कळेल अशी नोंद करण्याची सोय फाइल हस्तांतरणाच्या आरंभकाळापासून होती, असे यावरून दिसते.

कामे ठरलेल्या वेळी आपोआप सुरू करणारा क्रॉन हा प्रोग्राम बेल लॅब्जच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) समाविष्ट होता. त्याच आवृत्तीत यूयूसीपी ही फाइल पाठवण्याची व्यवस्थाही होती. दूरध्वनीचे दर कमी असल्यामुळे यूयूसीपीचे संगणक बहुधा रात्री एकमेकांशी जोडले जात. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली क्रॉनची आवृत्ती पुढे सर्वत्र पसरली. क्रॉन एखाद्या कामातून बाहेर पडणारा मजकूर त्या कामाच्या मालकाला ईमेलने पाठवतो. अनेक संस्थांमध्ये अपयश कळवण्याचे हेच एकमेव साधन दीर्घकाळ होते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक हे साधन प्रसिद्ध केले. फाइलचा केवळ बदललेला भाग पाठवणारे हे साधन आणि एसएसएचवर आधारित एसएफटीपी ही आज नियोजित हस्तांतरणाची प्रचलित माध्यमे आहेत.

अपयशाचे प्रकार

इशारा कोणत्या घटनेवर द्यायचा हे ठरवण्यासाठी हस्तांतरण किती प्रकारांनी फसू शकते, याची यादी प्रथम करावी लागते. सर्वसाधारणपणे पुढील पाच प्रकार मानले जातात.

१. प्रकट अपयश: काम सुरू झाले, परंतु जोडणी झाली नाही, पासवर्डची मुदत संपली होती, समोरच्या सर्व्हरची ओळख-किल्ली बदलली होती, डिस्कवर जागा नव्हती किंवा फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नव्हती. अशा वेळी प्रोग्राम त्रुटी नोंदवून थांबतो.

२. काम सुरूच न होणे: सर्व्हर बंद होता, क्रॉनची नोंद चुकून पुसली गेली किंवा नव्या सर्व्हरवर स्थलांतर करताना ती नेण्याचे राहून गेले. काम सुरूच न झाल्यामुळे कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. म्हणूनच हा प्रकार सर्वांत फसवा समजला जातो.

३. अपुरे हस्तांतरण: शंभरपैकी नव्वद फाइली पोहोचल्या, अथवा एकच फाइल अर्धवट पोहोचली.

४. विलंब: फाइल पोहोचली, पण तिचा उपयोग करणारे पुढचे काम तोपर्यंत जुन्या फाइलवर चालून गेले होते.

५. यशस्वी पण निरुपयोगी हस्तांतरण: फाइल वेळेवर पोहोचली, मात्र ती रिकामी होती, कालचीच होती किंवा तिच्यातील मजकूर बिघडलेला होता. हस्तांतरण करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने येथे काहीही चुकलेले नसते.

केवळ त्रुटीवर आधारलेला इशारा यांपैकी पहिला प्रकार आणि काही प्रमाणात तिसरा प्रकार पकडतो. उरलेल्या प्रकारांसाठी वेगळ्या तपासण्या लागतात.

अपयश ओळखण्याच्या पद्धती

एक्झिट कोड

युनिक्स व तत्सम प्रणालींमध्ये प्रत्येक प्रोग्राम संपताना एक अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश आणि अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश, असा संकेत आहे. आरसिंकच्या बाबतीत ११ हा अंक फाइल वाचण्या-लिहिण्यातील त्रुटी, २३ हा त्रुटीमुळे झालेले अपुरे हस्तांतरण, २४ हा काम चालू असताना मूळ फाइली नाहीशा झाल्याची स्थिती आणि ३० हा माहितीच्या देवाणघेवाणीत मुदत संपल्याची स्थिती दर्शवतो. सतत वापरात असलेल्या फोल्डरची प्रत घेताना २४ हा अंक वारंवार येऊ शकतो. त्यामुळे अनेक ठिकाणी त्यासाठी सौम्य ताकीद आणि इतर अंकांसाठी गंभीर इशारा, असा भेद करतात.

एक्झिट कोडवर विसंबताना काही चुका नेहमी घडतात. शेल स्क्रिप्टच्या शेवटी 'काम पूर्ण झाले' असे छापणारी ओळ असेल, तर ती ओळ यशस्वी ठरते आणि आधीचे हस्तांतरण फसलेले असूनही संपूर्ण स्क्रिप्टचा कोड शून्य येतो. अनेक आज्ञा पाइपने जोडल्यास सामान्यतः केवळ शेवटच्या आज्ञेचा कोड लक्षात घेतला जातो. बॅश शेलमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केल्यास मधल्या आज्ञेचे अपयशही कळते. जुन्या धाटणीचे काही एफटीपी प्रोग्राम फाइल न जाताही शून्य कोड देतात. एसएफटीपी हा प्रोग्राम बॅच पद्धतीने चालवल्यास फाइल पाठवण्याची आज्ञा फसताच तो थांबतो व शून्येतर कोड देतो. त्यामुळे स्वयंचलित कामांसाठी ही पद्धत अधिक विश्वासार्ह मानली जाते.

लॉगचे वाचन

दुसऱ्या पद्धतीत देखरेख सॉफ्टवेअर हस्तांतरणाचा लॉग वाचते आणि ठरावीक शब्द किंवा संकेतांक आढळल्यास इशारा देते. ज्या प्रोग्राममध्ये बदल करता येत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. मात्र प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत संदेशाची शब्दरचना बदलली, तर तपासणी कोणालाही न कळता निकामी होते. म्हणून अपयशाचे शब्द शोधण्यापेक्षा यशाची ओळ ठरलेल्या मुदतीत आढळली का, हे पाहणे अधिक सुरक्षित असते. यशाच्या ओळीची शब्दरचना बदलली तर फार तर खोटा इशारा मिळतो, पण खरे अपयश दडून राहत नाही.

पोहोचलेल्या फाइलची तपासणी

हस्तांतरणाचा अंतिम हेतू फाइल योग्य जागी पोहोचणे हा असल्याने तपासणी शक्यतो स्वीकारणाऱ्या बाजूला करतात. त्यात पुढील बाबी पाहिल्या जातात.

* फाइल अस्तित्वात आहे का आणि तिच्या नावातील तारीख अपेक्षित आहे का.
* फाइल किती जुनी आहे. नागिओसच्या प्लगइनसंचात यासाठी स्वतंत्र प्लगइन आहे.
* फाइलचा आकार शून्य तर नाही ना आणि तो नेहमीच्या आकाराच्या जवळपास आहे का.
* पाठवणाऱ्याने काढलेली एसएचए-२५६ बेरीज स्वीकारलेल्या फाइलच्या बेरजेशी जुळते का.
* फाइलच्या शेवटच्या ओळीत नोंदींची एकूण संख्या दिलेली असल्यास ती प्रत्यक्ष नोंदींशी जुळते का.

फाइल येत असतानाच तपासणी झाली, तर अर्धवट फाइल पूर्ण समजली जाण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी फाइल तात्पुरत्या नावाने पाठवतात आणि ती पूर्ण पोहोचल्यावरच तिचे नाव बदलून अंतिम नाव देतात. एकाच फाइल-प्रणालीत नाव बदलणे ही अविभाज्य क्रिया असते. त्यामुळे अंतिम नावाची फाइल दिसणे हाच ती पूर्ण आल्याचा पुरावा ठरतो.

अनुपस्थितीचा इशारा

काम सुरूच झाले नाही, तर त्रुटी नोंदवणारेही कोणी नसते. अशा वेळी तपासणीची दिशा उलटी करावी लागते. प्रत्येक यशस्वी हस्तांतरणानंतर काम स्वतःहून देखरेख सॉफ्टवेअरला 'मी पूर्ण झालो' असा निरोप देते आणि ठरलेल्या मुदतीत हा निरोप आला नाही, तर इशारा दिला जातो. या निरोपाला हार्टबीट म्हणजे हृदयाचा ठोका असे म्हटले जाते. रेल्वे इंजिनातील सुरक्षा यंत्रणेशी या पद्धतीचे साम्य आहे. चालकाकडून ठरावीक काळ कोणतीही हालचाल झाली नाही, तर ती यंत्रणा काही अनिष्ट घडले आहे असे मानून ब्रेक लावते. दोन्ही ठिकाणी शांतता हाच धोक्याचा संकेत मानला जातो. निरोप पाठवणारी ओळ स्क्रिप्टमध्ये सर्व तपासण्यांच्या नंतरच असावी लागते, अन्यथा अपयशानंतरही यशाचा निरोप जातो.

मुदत ठरवणे

इशारा कधी द्यावा, हे हस्तांतरण किती वाजता सुरू होते यापेक्षा त्या फाइलची गरज किती वाजता आहे यावरून ठरते. उदाहरणादाखल, एका पतसंस्थेच्या शाखा रोज रात्री ११:०० वाजता दिवसभराच्या व्यवहारांची फाइल मुख्य कार्यालयाकडे पाठवतात, असे समजू. हस्तांतरणास साधारण दहा मिनिटे लागतात आणि मध्यरात्रीनंतर १:०० वाजता मुख्य कार्यालयाचा संगणक सर्व खात्यांच्या शिल्लक रकमा मांडतो.

'शेवटच्या यशाला २६ तास झाले तर इशारा द्या' असा नियम केला, तर तो सोपा व निरुपद्रवी वाटतो. परंतु काल ११:१० वाजता फाइल आली असेल, तर आज हा इशारा १:१० वाजता, म्हणजे शिलकीचे काम सुरू झाल्यानंतर दहा मिनिटांनी मिळेल. मुदत साडेचोवीस तास केल्यास इशारा ११:४० वाजता मिळतो आणि दुरुस्तीसाठी एक तास वीस मिनिटे हाती राहतात. मात्र काल काही अडचणीमुळे फाइल १२:१० वाजता आली असेल, तर आजचा इशाराही सरकून १२:४० वाजता येतो आणि हाती केवळ वीस मिनिटे उरतात. फाइलच्या वयावर आधारलेल्या नियमात आदल्या दिवसाचा विलंब दुसऱ्या दिवसाच्या इशाऱ्यात उतरतो.

म्हणून ठरलेल्या मुदतीच्या कामांसाठी घड्याळावर आधारलेली तपासणी अधिक योग्य ठरते. ११:३० वाजता त्या दिवसाच्या तारखेची फाइल नसल्यास ताकीद आणि ११:४५ वाजताही नसल्यास गंभीर इशारा, अशी मांडणी करता येते. यासाठी फाइलच्या नावात व्यवहाराची तारीख असणे आवश्यक असते. फाइल मध्यरात्रीनंतर तयार झाली आणि नावात संगणकाची चालू तारीख घातली, तर तपासणी वेगळ्याच दिवसाची फाइल शोधत राहते.

सुट्टीच्या दिवशी फाइल येत नसेल, तर खोटा इशारा मिळतो. देखरेख सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्यांचे कॅलेंडर भरणे हा त्यावरचा एक उपाय आहे. भारतातील बँका सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. त्यामुळे केवळ 'सोमवार ते शनिवार' असा नियम तेथे पुरत नाही. सुट्टीच्या दिवशीही 'व्यवहार शून्य' असे नमूद करणारी छोटी फाइल पाठवणे हा दुसरा उपाय आहे. त्यामुळे कॅलेंडर सांभाळावे लागत नाही आणि फाइल न येणे याचा अर्थ प्रत्येक दिवशी एकच राहतो.

कालक्षेत्रे

भारतीय प्रमाणवेळ वर्षभर बदलत नाही. अमेरिकेतील बहुतांश भागात मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पहाटे २:०० वरून थेट ३:०० वर नेली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती एक तास मागे घेतली जातात. स्थानिक वेळेनुसार २:३० वाजता ठेवलेल्या कामासाठी मार्चमधील त्या दिवशी तो क्षणच अस्तित्वात नसतो. नोव्हेंबरमध्ये १:०० ते २:०० हा तास दोनदा येतो. क्रॉनच्या काही आवृत्त्या या बदलाची दखल घेतात, काही घेत नाहीत.

पुणे, मुंबई यांसारख्या शहरांतून अमेरिकी ग्राहकांच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या चमूंना हा फरक वर्षातून दोनदा जाणवतो. न्यूयॉर्कमध्ये रात्री ८:०० वाजता होणारे हस्तांतरण उन्हाळ्यात भारतात पहाटे ५:३० वाजता, तर हिवाळ्यात सकाळी ६:३० वाजता पडते. इशाऱ्याची मुदत भारतीय वेळेत कायमची लिहिलेली असेल, तर नोव्हेंबरमध्ये खोटे इशारे सुरू होतात. त्यामुळे कामाची आणि इशाऱ्याची वेळ एकाच कालक्षेत्रात नोंदवणे इष्ट समजले जाते. दोन्ही संगणकांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणेही आवश्यक असते. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या संगणकांची घड्याळे एनटीपीद्वारे जुळवून ठेवणे आणि लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

देखरेख सॉफ्टवेअरमधील मांडणी

नागिओस

ईथन गाल्स्टाड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केलेले हे सॉफ्टवेअर २००२ पासून नागिओस या नावाने ओळखले जाते. त्याची तपासणी प्लगइनद्वारे होते. प्लगइनचा कोड ० असल्यास सुस्थिती, १ असल्यास ताकीद, २ असल्यास गंभीर आणि ३ असल्यास अज्ञात स्थिती मानली जाते. हस्तांतरणाच्या स्क्रिप्टने स्वतःहून निकाल कळवण्याच्या पद्धतीला निष्क्रिय तपासणी म्हणतात. तिच्यासोबत ताजेपणाची मुदत देता येते. त्या मुदतीत निकाल आला नाही, तर नागिओस स्वतः एक तपासणी चालवते. या जागी नेहमी 'गंभीर' असेच उत्तर देणारे बनावट प्लगइन ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे निकाल न येणे याचेच रूपांतर इशाऱ्यात होते.

झॅबिक्स

अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी सुरू केलेल्या आणि २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या झॅबिक्समध्ये तपासणीच्या मूल्याला आयटम आणि इशाऱ्याच्या अटीला ट्रिगर म्हणतात. झॅबिक्स सेंडर या छोट्या प्रोग्रामने स्क्रिप्ट आपला निकाल ट्रॅपर प्रकारच्या आयटमला कळवते. ठरावीक काळात कोणतेही मूल्य आले नाही, तर नोडेटा हे फलन ट्रिगर चालू करते. इशाऱ्याची दखल कोणी घेतली नाही, तर तो टप्प्याटप्प्याने वरिष्ठांकडे नेण्याची सोयही त्यात आहे.

प्रोमिथियस

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले प्रोमिथियस ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरकडून स्वतः मूल्ये गोळा करते. फाइल हस्तांतरणाचे काम मात्र काही मिनिटांत संपते आणि प्रोमिथियस विचारायला येईपर्यंत ते अस्तित्वात नसते. म्हणून असे काम आपला निकाल पुशगेटवे या मध्यस्थाकडे किंवा नोड एक्स्पोर्टर वाचू शकेल अशा मजकूर-फाइलमध्ये ठेवते. पुशगेटवे शेवटचे मूल्य आपोआप पुसत नाही. आठवड्यापूर्वी बंद पडलेल्या कामाचे 'यशस्वी' हे मूल्य तेथे तसेच दिसत राहते. म्हणून यश-अपयशाऐवजी शेवटच्या यशाची वेळ नोंदवतात आणि चालू वेळेतून ती वजा करून आलेले सेकंद मर्यादेपेक्षा जास्त आहेत का, ते पाहतात. साडेचोवीस तासांची मर्यादा येथे ८८,२०० सेकंद अशी लिहिली जाते. मूल्यच नाहीसे झाले तर ही वजाबाकी काहीच उत्तर देत नाही. त्यासाठी अ‍ॅबसेंट या फलनाचा दुसरा नियम जोडावा लागतो.

सिस्टमडी

अनेक लिनक्स वितरणांत क्रॉनऐवजी सिस्टमडीचे टायमर वापरता येतात. त्यात काम फसल्यास दुसरे ठरावीक काम आपोआप सुरू करण्याची सोय आहे आणि त्या दुसऱ्या कामातून इशारा पाठवता येतो. संगणक बंद असताना हुकलेले काम तो सुरू झाल्यावर चालवण्याचा पर्यायही टायमरमध्ये उपलब्ध आहे. साध्या क्रॉनमध्ये अशी हुकलेली वेळ सोडून दिली जाते.

इशाऱ्याचा मजकूर

पहाटे झोपेतून उठलेल्या व्यक्तीला इशारा वाचताच काय घडले, त्याचा परिणाम काय आणि प्रथम काय तपासायचे हे कळावे, अशी अपेक्षा असते. 'काम क्रमांक ४७ अयशस्वी' या मजकुरातून यांपैकी काहीच कळत नाही. वरील पतसंस्थेच्या उदाहरणात मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो:

"गंभीर: शाखा ७ ची आजची व्यवहार फाइल रात्री ११:४५ पर्यंत आलेली नाही. शेवटची यशस्वी फाइल काल रात्री ११:०९ वाजता, आकार ४१२ केबी. फाइल न आल्यास १:०० वाजताच्या शिलकीत या शाखेचे व्यवहार येणार नाहीत. प्रथम तपासा: शाखेचा सर्व्हर चालू आहे का, मुख्य सर्व्हरवर जागा आहे का, किल्लीची मुदत संपली आहे का."

इशाऱ्यात पासवर्ड, खाते क्रमांक किंवा ग्राहकांची नावे येऊ देऊ नयेत, कारण हा मजकूर एसएमएस, ईमेल व गप्पांच्या अ‍ॅपमधून अनेक हातांत जातो. हस्तांतरण पुन्हा चालवणे सुरक्षित आहे का, हेही सोबतच्या कार्यपुस्तिकेत लिहिलेले असावे. तीच फाइल दोनदा स्वीकारली गेल्यास व्यवहारांची दुहेरी नोंद होण्याची शक्यता असते.

इशाऱ्यांचा थकवा

वारंवार येणाऱ्या निरर्थक इशाऱ्यांमुळे माणसे त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात. रुग्णालयातील यंत्रांच्या सततच्या आवाजासंदर्भातही ही समस्या परिचित आहे. फाइल हस्तांतरणात ती टाळण्यासाठी पुढील उपाय योजतात.

* पुनःप्रयत्न: नेटवर्कची अडचण क्षणिक असू शकते. म्हणून वाढत्या अंतराने काही प्रयत्न करून शेवटचा फसल्यावरच इशारा दिला जातो. नागिओसमध्ये पहिल्या काही अपयशांना मृदू आणि ठरलेल्या संख्येनंतरच्या अपयशाला कठोर स्थिती म्हणतात. कठोर स्थितीतच निरोप जातो.
* एकत्रीकरण: मुख्य सर्व्हर बंद पडल्यास दहा शाखांचे दहा इशारे न देता एकच दिला जातो. प्रोमिथियससोबतचे अलर्टमॅनेजर हे काम करते. त्याच्या मूळ मांडणीनुसार न सुटलेला इशारा चार तासांनी पुन्हा पाठवला जातो.
* दडपणे: मूळ कारणाचा इशारा चालू असताना त्याच्या परिणामांचे इशारे थांबवले जातात.
* मौनकाळ: नियोजित दुरुस्तीच्या वेळी इशारे बंद ठेवले जातात. हा काळ आपोआप संपणारा असावा लागतो, अन्यथा दुरुस्तीनंतरही इशारे बंदच राहतात.

यशस्वी हस्तांतरणाचा रोज ईमेल पाठवण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आढळते. काही दिवसांनी हे ईमेल कोणी उघडत नाही आणि एखाद्या दिवशी तो आला नाही, हे लक्षात येत नाही. न आलेली गोष्ट लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडे न ठेवता सॉफ्टवेअरकडे सोपवणे हा अनुपस्थितीच्या इशाऱ्याचा गाभा आहे.

गिटलॅबची घटना (२०१७)

इशारा पाठवला गेला तरी तो पोहोचेलच असे नाही, याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे गिटलॅब या संकेतस्थळावर ३१ जानेवारी २०१७ रोजी घडलेली घटना. डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरची दुरुस्ती करत असताना एका अभियंत्याकडून मुख्य सर्व्हरवरील माहितीचा फोल्डर चुकून पुसला गेला. सुमारे ३०० जीबी माहितीपैकी बहुतांश माहिती गेली. रोजच्या वेळापत्रकानुसार डेटाबेसची प्रत अ‍ॅमेझॉनच्या एस३ या साठ्यात जाणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात तेथे एकही प्रत नव्हती. प्रत घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती पोस्टग्रेस ९.२ ची आणि डेटाबेस ९.६ चा असल्याने ते काम दररोज फसत होते.

अपयशाचे ईमेल क्रॉनकडून पाठवले जात होते. तथापि कंपनीच्या ईमेलसाठी डीमार्क ही पडताळणी लागू होती आणि क्रॉनचे ईमेल स्वाक्षरीत नव्हते. त्यामुळे ते नाकारले जात होते आणि कोणाच्याही हाती पडत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कारणाने घेतलेल्या डिस्कच्या एका प्रतीवरून संकेतस्थळ पूर्ववत करण्यात आले. मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या व ७०० नवी खाती यांवर परिणाम झाला. कंपनीने संपूर्ण घटनाक्रम सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध केला. काम नियोजित होते, ते फसल्यास कळवण्याची सोयही होती, परंतु ती सोय चालू आहे का हे तपासणारी व्यवस्था नव्हती.

इशारा यंत्रणेची चाचणी

नवे हस्तांतरण सुरू करताना इशारा जाणीवपूर्वक घडवून पाहणे आवश्यक मानले जाते. चाचणीत सामान्यतः क्रॉनची नोंद एका रात्रीपुरती काढणे, चुकीची किल्ली देणे, रिकामी फाइल पाठवणे आणि फाइल मुद्दाम उशिरा पाठवणे, असे प्रयोग करतात. प्रत्येक वेळी इशारा अपेक्षित वेळी, अपेक्षित व्यक्तीच्या फोनवर पोहोचला का, हे पाहिले जाते. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास किंवा त्याचा क्रमांक बदलल्यास ही साखळी तुटते. त्यामुळे चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

देखरेख सॉफ्टवेअर स्वतःच बंद पडल्यास सर्वत्र शांतता पसरते आणि ती सुस्थितीसारखी भासते. यावर उपाय म्हणून प्रोमिथियससारख्या प्रणालीत सदैव चालू राहणारा एक इशारा ठेवतात आणि तो बाहेरच्या स्वतंत्र सेवेकडे सतत पाठवतात. तो येणे थांबले की बाहेरची सेवा कर्मचाऱ्यांना कळवते. ही सेवा त्याच सर्व्हरवर किंवा त्याच इंटरनेट जोडणीवर असेल, तर मात्र तिचा उपयोग होत नाही.

मर्यादा

इशारा अपयशाची माहिती देतो, ते दुरुस्त करत नाही. रात्री त्याला प्रतिसाद देणारी व्यक्ती नेमलेली नसेल, तर उत्तम मांडणीचाही फायदा सकाळपर्यंत मिळत नाही. फाइल वेळेवर, पूर्ण व योग्य आकाराची असूनही तिच्यातील आकडे मुळातच चुकीचे असू शकतात. हा दोष हस्तांतरणाच्या देखरेखीतून कळत नाही. त्याचप्रमाणे बॅकअपची फाइल पोहोचली, एवढ्यावरून तिच्यातून माहिती परत मिळवता येईल असे सिद्ध होत नाही. त्यासाठी ठरावीक काळाने प्रत्यक्ष माहिती परत उतरवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

हे सुद्धा पहा

* क्रॉन
* फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल
* आरसिंक
* बॅकअप
* नेटवर्क टाइम प्रोटोकॉल